वरच्या मजल्यावरचा जुना एसी बदलताना: टन ठरवण्याआधी स्लॅब आणि डक्ट पाहा

प्रश्न जळगावच्या एका चार मजली इमारतीतील आहे. चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर ११ बाय १४ फुटांची शयनखोली आहे. तिची एक भिंत पश्चिमेला आहे आणि त्याच भिंतीत चार बाय चार फुटांची खिडकी आहे. २०१२ च्या सुमारास बसवलेला दीड टनाचा, आर-२२ गॅसवर चालणारा साधा स्प्लिट एसी तेथे आहे आणि त्याचे आउटडोअर युनिट इमारतीच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या अरुंद पोकळीत, चौथ्या मजल्याच्या उंचीवर टांगलेले आहे. मे महिन्यात दुपारी हा एसी खोली ३० अंशांच्या खाली आणत नाही, मध्येच बंद पडतो आणि सलग दोन उन्हाळे त्यात गॅस भरावा लागला आहे. दुकानदाराने दोन टनाचा पाच तारांकित एसी सुचवला आहे. तो घ्यावा का, भिंतीतील जुना तांब्याचा पाइप पुन्हा वापरता येईल का आणि फिटिंगच्या वेळी काय पाहावे, असे तीन प्रश्न विचारले आहेत.

खानदेशात एसी बसवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आलो आहे. जळगाव, भुसावळ, धुळे आणि चोपडा-यावलच्या बाजूला अशी तक्रार दर उन्हाळ्यात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास सुरू होते आणि बहुतेक घरांत तिचे उत्तर मोठा एसी घेणे हे नसते. या खोलीला दोन टनाची गरज नाही. चांगला दीड टन पुरेल, मात्र आउटडोअर आहे तेथे राहिले तर दीड टन हरेल आणि दोन टनही हरेल. असे का म्हणतो, हे आकड्यांसह सांगतो.

एक टन म्हणजे सुमारे ३,५१७ वॅट उष्णता खोलीतून बाहेर काढण्याची क्षमता. त्या हिशेबाने दीड टन म्हणजे साधारण ५,२७५ वॅट, परंतु बाजारात ‘दीड टन’ या नावाखाली ४,८०० वॅटचीही यंत्रे विकली जातात. म्हणून डब्यावरील टन वाचण्याऐवजी ऊर्जा दक्षता ब्युरोच्या लेबलवर छापलेले वॅट वाचावेत. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ही क्षमता बाहेर ३५ अंश आणि खोलीत २७ अंश तापमान असताना मोजलेली असते. आपल्याकडे एप्रिलच्या अखेरीपासून मृगाचा पाऊस येईपर्यंत दुपारी ३५ अंश मिळत नाहीत, ४४-४५ मिळतात आणि काही दिवस पारा त्याच्याही पुढे जातो. बाहेरची हवा तापली की आउटडोअरच्या कॉइलमधील गॅसची उष्णता त्या हवेत सोडणे कठीण होते, कॉम्प्रेसरवरचा दाब वाढतो, विजेचा वापर वाढतो आणि नेमक्या त्याच वेळी मिळणारी थंडी कमी होते. चांगल्या यंत्राचीसुद्धा क्षमता ४५ अंशांना लेबलवरील आकड्यापेक्षा साधारण दहा टक्क्यांनी किंवा त्याहून अधिक घटते. म्हणजे ५,२०० वॅटच्या एसीकडून मे महिन्यातील दुपारी ४,६०० वॅटची अपेक्षा ठेवावी.

आता तुमच्या खोलीची गरज पाहू. पुढील आकडे ढोबळ आहेत, परंतु निर्णयासाठी पुरेसे आहेत. खोलीचे क्षेत्रफळ १५४ चौरस फूट, म्हणजे सुमारे १४.३ चौरस मीटर आहे. उघड्या काँक्रीट स्लॅबमधून उन्हाळ्यात सुमारे १,५०० वॅट उष्णता आत येते. पश्चिमेची भिंत ५५० वॅट आणते. पश्चिमेच्या खिडकीची काच बाहेरून झाकलेली नसेल तर तिच्यातून ७०० वॅट येतात. शेजारच्या न थंडावलेल्या खोल्यांच्या भिंती ५०० वॅट, दोन माणसे २५०, पंखा-दिवे-टीव्ही २०० आणि फटींतून शिरणारी हवा आणखी २०० वॅट. एकूण बेरीज ३,९०० वॅटच्या आसपास येते. ४,६०० वॅट देणारे यंत्र ही उष्णता आरामात काढू शकते, तरीही तुमचा एसी हरतो आहे. याचा अर्थ त्याला ४,६०० वॅट देता येत नाहीत आणि त्याचे कारण डक्टमध्ये आहे.

दीड टनाचा एसी पूर्ण भाराने चालतो तेव्हा खोलीतून काढलेली पाच हजार वॅट उष्णता आणि कॉम्प्रेसरने स्वतः खाल्लेली दीड-पावणेदोन हजार वॅट वीज मिळून साडेसहा-सात हजार वॅट उष्णता डक्टमध्ये ओततो. खालच्या तीन मजल्यांवरचे एसीही त्याच डक्टमध्ये श्वास टाकतात. गरम हवा हलकी असल्याने वर चढते आणि चौथ्या मजल्यावरील आउटडोअरला ती सर्वांची मिळून तापलेली हवा ओढावी लागते. गच्चीवर ४४ अंश असताना अशा डक्टच्या वरच्या टोकाला आउटडोअरच्या मागे तापमापक धरला तर पन्नासच्या वरचा आकडा दिसणे नवलाचे नाही, विशेषतः डक्टच्या तोंडावर कबुतरांसाठी बारीक जाळी आणि पावसासाठी पत्रा टाकलेला असेल तर. एवढ्या हवेत दाब मर्यादेबाहेर जातो आणि सुरक्षिततेसाठी कॉम्प्रेसर बंद होतो. तुमचा एसी ‘मध्येच बंद पडतो’ तो बहुधा याच कारणाने. येथे दोन टनाचे युनिट टांगले तर ते डक्टमध्ये आणखी उष्णता टाकेल, स्वतःच ती पुन्हा ओढेल आणि शेजाऱ्यांनाही त्रास देईल. खात्री करून घ्यायची असेल तर दुपारी तीन-चारच्या सुमारास, इमारतीतील एसी चालू असताना, एक साधा तापमापक दोरीला बांधून आउटडोअरच्या मागच्या बाजूला सोडावा आणि दुसरा गच्चीवर सावलीत ठेवावा. दोन्हींत चार-पाच अंशांहून अधिक फरक दिसला तर जागा बदलावीच लागेल.

तुम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर आहात याचा येथे फायदा आहे. सोसायटीची लेखी परवानगी घेऊन आउटडोअर गच्चीवर न्यावे. तेथे ऊन असते, पण हवा मोकळी असते, आणि आउटडोअरला मोकळ्या हवेचीच अधिक गरज असते. कोंडलेल्या सावलीपेक्षा वाहत्या हवेतील ऊन परवडते. सावली करायचीच असेल तर युनिटच्या वर किमान तीन फूट अंतर सोडून, चारही बाजू उघड्या ठेवून पत्रा टाकावा. पंख्याच्या तोंडासमोर एक मीटरहून अधिक जागा मोकळी असावी आणि मागच्या बाजूला कठड्यापासून एक फूट तरी अंतर असावे. युनिट थेट स्लॅबवर ठेवू नये. लोखंडी स्टँडवर, रबरी पॅड घालून, स्लॅबपासून एक-दीड फूट उचलून ठेवावे, कारण दुपारी स्लॅबलगतची हवा सर्वांत अधिक तापलेली असते. स्टँडसाठी स्लॅबला भोके पाडू देऊ नयेत. सिमेंटच्या ठोकळ्यांवर स्टँड उभा करावा आणि पाइपही स्लॅब फोडून न आणता कठड्यावरून किंवा कठड्याच्या भिंतीतून उतरवावा. वॉटरप्रूफिंग एकदा फुटले की पावसाळ्यात छत गळू लागते आणि त्याचा वाद एसीच्या किमतीपेक्षा महाग पडतो.

आता स्लॅबकडे येतो, कारण ३,९०० पैकी १,५०० वॅट तेथूनच येत आहेत. खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांवर मातीचा जाड थर असे आणि दुपारचे ऊन त्या थरातच अडकून राही. आजच्या फ्लॅटवर पाच-सहा इंचांचे काँक्रीट असते. ते दिवसभर तापते आणि रात्री दहा-अकरापर्यंत आत उष्णता सोडत राहते. रात्री एसी लावूनही तासभर छताकडून धग जाणवते ती यामुळे. गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, म्हणजे चायना मोझॅक, किंवा उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग असेल तर ही आवक ठळकपणे घटते. तेवढा खर्च जमत नसेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये चुन्याचे दोन हात दिले तरी फरक पडतो, मात्र चुना दर वर्षी द्यावा लागतो आणि पांढऱ्या पृष्ठभागावरची धूळ महिन्यातून एकदा धुवावी लागते. आपल्या काळ्या मातीची धूळ आणि कापसाच्या हंगामातील तूस पांढरेपणा फार लवकर मळवतात. खिडकीला आतून जाड पडदा लावण्यापेक्षा बाहेरून बांबूची चिक किंवा शेडनेट लावावे, कारण काचेतून आत आलेले ऊन पडद्यावर अडले तरी खोलीतच राहते. ही दोन कामे केली की तुमची गरज तीन हजार वॅटच्या जवळ येईल. दोन टनाच्या यंत्रासाठी द्यावे लागणारे जादा पैसे येथे लावणे अधिक शहाणपणाचे आहे, आणि ही कामे विजेचे बिल न वाढवता पुढची अनेक वर्षे उपयोगी पडतात.

अधिक मोठा एसी घेतला तर बिघडले कुठे, असे अनेकजण विचारतात. उन्हाळ्यात आपली हवा कोरडी असते, त्यामुळे मोठ्या यंत्राचा दोष तेव्हा जाणवत नाही. तो जुलै ते सप्टेंबरमध्ये जाणवतो. त्या दिवसांत खोलीतील उष्णता थोडी आणि दमटपणा फार असतो. मोठे यंत्र तापमान झटकन खाली आणून मंदावते किंवा थांबते, कॉइलवर पाणी जमून निथळण्यास वेळच मिळत नाही आणि खोली गार पण ओलसर राहते.

यंत्र निवडताना इन्व्हर्टर प्रकारच घ्यावा. त्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमी-अधिक करतो. दुपारी पूर्ण जोर आणि पहाटे थोडा जोर, असा आपल्याकडील रात्र-दिवसाचा फरक तो चांगला सांभाळतो. ‘५२ अंशांपर्यंत चालतो’ असे अनेक डब्यांवर लिहिलेले असते. याचा अर्थ तेवढ्या तापमानात तो बंद पडणार नाही इतकाच आहे, तेव्हा तो पूर्ण थंडी देईल असे त्यातून निघत नाही. म्हणून विक्रेत्याकडे तांत्रिक माहितीचा तक्ता मागावा आणि ४३, ४६ किंवा ४८ अंशांना किती वॅट क्षमता मिळते हे लिहिलेले आहे का, ते पाहावे. सर्व कंपन्या हा आकडा देत नाहीत. जी देते तिला मी झुकते माप देतो. दोन यंत्रांत निवड अडली तर आउटडोअरचा आकार आणि वजन पाहावे. मोठ्या कॉइलचे जड युनिट आपल्या उन्हात सहसा अधिक टिकाव धरते.

तारांकनाबाबत एक हिशेब स्वतः करावा. लेबलवर आयएसईईआर, म्हणजे हंगामभरात खर्च झालेल्या विजेच्या मानाने यंत्र किती थंडी देते हे सांगणारा आकडा, आणि वर्षाला १,६०० तास वापर धरून लागणारे युनिट छापलेले असतात. २०१८ पासून ही पद्धत सर्व एसींना बंधनकारक आहे. तारांकनाचे निकष ठरावीक काळाने कडक होतात, त्यामुळे जुन्या साठ्यातील पाच तारे आणि नव्या लेबलवरील पाच तारे सारखे नसतात. लेबलचा कालावधी वाचावा आणि तुलना ताऱ्यांची न करता आयएसईईआरच्या आकड्याची करावी. समजा तीन आणि पाच तारांकित यंत्रांच्या लेबलांत वर्षाला २०० युनिटांचा फरक आहे. तुम्ही केवळ एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत रात्री आठ तास एसी लावत असाल तर वापर सहाशे तासांच्या आसपास भरतो आणि बचतही ७५ युनिटांवर येते. महावितरणच्या बिलातील तुमच्या शेवटच्या टप्प्याच्या दराने तिला गुणावे आणि किमतीतील फरक किती वर्षांत भरून निघतो ते पाहावे. घरात वृद्ध आई-वडील किंवा लहान मूल असेल आणि दुपारीही एसी चालणार असेल तर पाच तारांकित घ्यावा. केवळ रात्रीचा वापर असेल तर चांगल्या क्षमतेचा तीन तारांकित इन्व्हर्टर घेऊन उरलेले पैसे गच्चीच्या रंगाला द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

गॅसविषयी थोडे. तुमच्या जुन्या यंत्रातील आर-२२ ओझोनच्या थराला हानी पोहोचवतो. मॉन्ट्रियल करारानुसार त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद होत आहे आणि भारतात १ जानेवारी २०२५ पासून तो वापरणारी नवी यंत्रे बनवण्यास बंदी आहे. एसीतील गॅस ‘संपत’ नाही. दोन वर्षे सलग भरावा लागला याचा अर्थ गळती आहे आणि ती शोधलीच गेलेली नाही. एवढ्या जुन्या यंत्रावर आता खर्च करू नये, हा तुमचा विचार बरोबर आहे. नव्या यंत्रांत बहुतांशी आर-३२ असतो. काही जुन्या साठ्यात आर-४१०ए मिळतो. तो मी आपल्या भागासाठी सुचवत नाही, कारण फार उष्ण हवेत त्याची क्षमता आर-३२ पेक्षा अधिक घटते आणि तो दोन वायूंचे मिश्रण असल्याने गळतीनंतर हाताळणे किचकट होते. आर-२९०, म्हणजे प्रोपेन, पर्यावरणाला सर्वांत कमी हानिकारक आणि उष्ण हवेत चांगला असतो, परंतु तो सहज पेट घेतो. त्याचे प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञ आपल्या गावात उपलब्ध असेल तरच तो घ्यावा. आर-३२ देखील सौम्य ज्वलनशील आहे, म्हणून पाइप झाळण्याचे काम गॅस पूर्ण काढल्याशिवाय कोणालाही करू देऊ नये.

जुन्या पाइपचा प्रश्न आउटडोअर गच्चीवर नेल्याने आपोआप सुटतो. तेथे नवा पाइप लागणारच आहे. तरीही मधल्या मजल्यांवरील वाचकांसाठी सांगतो. आर-३२ चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून अधिक असतो आणि दोन्हींची तेले वेगळी असतात. जुन्या पाइपमध्ये राहिलेले खनिज तेल आणि कचरा नव्या तेलाशी जमत नाही. पाइप उघडा असेल तर विचार न करता बदलावा. तो भिंतीत गाडलेला असेल आणि फरशी-रंग फोडणे शक्यच नसेल, तर त्याचा व्यास नव्या यंत्राच्या पुस्तिकेतील व्यासाशी जुळतो का, भिंतीची जाडी ०.८ मिलिमीटर आहे का आणि मध्ये कोठे सांधा आहे का, हे पाहावे. मग तो धुऊन, नायट्रोजनने फुंकून, पूर्ण दाबाला तपासावा. यातील एकही गोष्ट जुळली नाही तर भिंतीवरून पट्टीत पाइप नेणे पत्करावे. दिसायला ते थोडे कमी सुबक असेल, पण पुढे गळती शोधण्यासाठी भिंत फोडावी लागणार नाही. नवा पाइप तांब्याचाच मागावा. यंत्राबरोबर मिळणारा पाइप साधारण तीन मीटरचा असतो आणि गच्चीवर नेताना पाच ते सात मीटर लागेल, म्हणून जादा मीटरचा दर आधीच लिहून घ्यावा. पुस्तिकेत दिलेल्या लांबीपेक्षा पाइप अधिक झाला तर प्रत्येक मीटरमागे काही ग्रॅम गॅस वाढवावा लागतो आणि तो वजनकाट्यावर मोजून भरावा लागतो. गच्चीवरील पाइपचे काळे आवरण उघड्या उन्हात दोन उन्हाळ्यांत भुगा होते. त्यावर पीव्हीसीची पट्टी किंवा पत्र्याचे आवरण घालून घ्यावे.

फिटिंगमधील एका कामासाठी मात्र तुम्ही स्वतः उभे राहावे आणि घाई करू देऊ नये. ते म्हणजे पाइपमधील हवा काढणे. मे महिन्यात फिटिंगवाल्या मुलांवर एका दिवसात पाच-सहा घरांचा भार असतो. तेव्हा व्हॅक्यूम पंप गाडीतच राहतो आणि आउटडोअरमधील थोडा गॅस सोडून पाइपमधील हवा ‘मारली’ जाते. दोन मिनिटांत काम होते, एसी गार हवाही देतो आणि ग्राहक समाधानी होतो. परंतु आत थोडी हवा आणि बाष्प राहते. हवा गॅससारखी द्रवात बदलत नाही. ती कॉइलची जागा अडवून दाब वाढवते, आणि आपल्या उन्हात दाब आधीच मर्यादेच्या जवळ असतो. बाष्प नव्या प्रकारच्या तेलात झटकन मुरते, त्यातून आम्ल तयार होते आणि दोन-चार वर्षांनी कॉम्प्रेसरची वाइंडिंग जळते. तेव्हा दोष कंपनीला दिला जातो. खरा दोष पहिल्या दिवशी वाचवलेल्या अर्ध्या तासाचा असतो.

योग्य पद्धत अशी आहे. पाइप कापल्यावर त्याच्या तोंडाचा बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कड, काढावा, फ्लेअर, म्हणजे सांध्यासाठी पाइपचे रुंदावलेले तोंड, नीट पसरवावा आणि नट टॉर्क पान्याने आवळावेत. मग कोरडा नायट्रोजन पुस्तिकेत दिलेल्या दाबापर्यंत भरून अर्धा तास ठेवावा, सांध्यांना साबणाचे पाणी लावावे आणि काटा हलत नाही याची खात्री करावी. या चाचणीसाठी कोणीही ऑक्सिजनचा सिलिंडर आणला तर काम तेथेच थांबवावे, कारण तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले तर स्फोट होतो. त्यानंतर व्हॅक्यूम पंप लावून दाब ५०० मायक्रॉनच्या (निर्वातातील अत्यल्प दाब मोजण्याचे एकक) खाली आणावा, पंप बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि आकडा झपाट्याने चढत नाही हे पाहून मगच आउटडोअरचे वॉल्व्ह उघडावेत. मायक्रॉन मोजणारे यंत्र प्रत्येकाकडे नसते. निदान पंप वीस-तीस मिनिटे चालला पाहिजे, हा आग्रह धरावा. शक्य असेल तर हे सर्व काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत करून घ्यावे. तेव्हा चांगला मेकॅनिक मोकळा असतो आणि त्याला घाई नसते.

एक विनंती आहे. जुने युनिट डक्टमधून उतरवताना कारागिराच्या कमरेला सेफ्टी बेल्ट बांधलेला असेल आणि तो मजबूत ठिकाणी अडकवलेला असेल, तरच काम सुरू करू द्यावे. बेल्ट नसेल तर दुसऱ्या दिवशी यायला सांगावे. गंजलेल्या ब्रॅकेटवर पाय देऊन उभे राहणारी ही मुले आपल्याच गावातील असतात आणि त्यांच्या घरी कोणीतरी वाट पाहत असते.

विजेच्या बाबतीत एसीला मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र लाइन असावी. तार चार चौरस मिलिमीटरची तांब्याची घ्यावी, सी प्रकारचा १६ किंवा २० अँपियरचा एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह आल्यास आपोआप पडणारा स्विच, असावा आणि साध्या प्लगऐवजी एसी बॉक्स वापरावा, कारण ढिल्या प्लगची पिन उन्हाळ्यात वितळते. इमारत जुनी असेल तर अर्थिंग प्रत्यक्ष मोजून घ्यावे. स्टॅबिलायझर लागतो की नाही हे विक्रेत्याच्या शब्दावर ठरवू नये. एप्रिल-मेमध्ये रात्री दहा-साडेदहाला, परिसरातील सर्व एसी चालू असताना, व्होल्टेज मोजावे आणि यंत्राच्या पुस्तिकेतील पट्ट्याशी ताडून पाहावे. पट्टा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. वळवाच्या वादळात न्यूट्रल तुटून घरात एकाएकी चढे व्होल्टेज येण्याचे प्रकार आपल्याकडे घडतात आणि इन्व्हर्टर एसीचा महागडा पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, त्यातच जातो. म्हणून स्टॅबिलायझर नसला तरी जादा व्होल्टेजला लाइन तोडणारे संरक्षक उपकरण बोर्डात जरूर बसवावे.

ड्रेन पाइपकडे उन्हाळ्यात कोणाचेच लक्ष जात नाही. मे महिन्यातील कोरड्या हवेत एसीमधून जेमतेम पाणी निघते, त्यामुळे उलट्या उताराचा पाइपही चालून जातो. जुलै लागला की तोच एसी रात्रभर पाणी गाळतो आणि इनडोअरखालची भिंत ओली होते. फिटिंगच्या दिवशीच इनडोअरच्या ट्रेमध्ये लिटरभर पाणी हळूहळू ओतून ते संपूर्ण बाहेर पडते का, हे पाहावे. भिंतीचे भोकही बाहेरच्या बाजूला किंचित उतरते असावे.

काम झाल्यावर टेस्ट मोडमध्ये वीस मिनिटे एसी चालवून आत ओढली जाणारी आणि बाहेर पडणारी हवा यांच्या तापमानात दहा-बारा अंशांचा फरक मिळतो का आणि विजेचा प्रवाह नेमपट्टीवरील आकड्याच्या आत आहे का, हे मोजून वॉरंटी कार्डाच्या मागे लिहून घ्यावे. पुढच्या वर्षी तक्रार आली तर हेच आकडे तुलनेला उपयोगी पडतात. फिटिंगचे पक्के बिल घ्यावे आणि त्यावर इनडोअर व आउटडोअर दोन्हींचे क्रमांक असावेत. वापरताना २०२० पासून नव्या यंत्रांत मुळातच ठेवलेले २४ अंश हे तापमान सोयीचे आहे. पंखा मंद लावून २६ ठेवले तरी झोप चांगली लागते. हॉलमधील कूलर चालू ठेवून शयनखोलीचे दार उघडे ठेवू नये, कारण कूलरची ओली हवा एसीचा भार वाढवते. इनडोअरची जाळी उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी आणि गच्चीवरील कॉइल मार्चमध्ये एकदा व मेच्या सुरुवातीला पुन्हा, वीज बंद करून, साध्या पाण्याच्या मंद धारेने धुवावी.

जुना एसी भंगारवाल्याला देण्याचा मोह होईल, कारण त्यातील तांब्याला भाव मिळतो. तो पाइप सरळ तोडतो आणि उरलेला आर-२२ हवेत जातो. मेकॅनिककडून आधी गॅस रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढून घ्यावा. कॉम्प्रेसर चालू स्थितीत असेल तर गॅस आउटडोअरमध्ये ओढून वॉल्व्ह बंद करता येतात. त्यानंतर ते यंत्र एक्स्चेंजमध्ये किंवा अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्यावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या यंत्रांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवरही आहे, म्हणून नवा एसी घेतानाच विक्रेत्याकडे याची विचारणा करावी आणि पावती मागून घ्यावी.